साखरपुड्याची जुन्या घाटाची खड्याची अंगठी

जुन्या घाटाच्या अंगठीत कोंदण महत्त्वाचे. बंद कोंदणात खड्याच्या चारी कडांवर सोने दाबलेले असते. त्यामुळे खडा सहसा निसटत नाही, दोराही अडकत नाही. उभ्या नख्यांच्या कोंदणात प्रकाश खेळतो आणि खडा उजळ दिसतो, पण नख्या झिजतात.

खडा निवडताना कठीणपणा पाहावा. मोहस मापावर हिरा १०, माणिक व नीलम ९, पाचू साडेसात ते आठ, तर मोती जेमतेम अडीच ते चारच्या आसपास. रोजच्या वापराला माणिक किंवा नीलम बरे. पाचूतील बारीक भेगा बहुधा तेलाने भरलेल्या असतात. यवतमाळच्या चाळिशीपार उन्हाळ्यात असे तेल सुकू शकते, म्हणून पाचूची अंगठी ऊन, गरम पाणी आणि साबणापासून जपावी.

नक्षीदार कामाला १८ कॅरेट सोने २२ कॅरेटपेक्षा टणक पडते. हॉलमार्कमध्ये शुद्धतेचा आकडा (७५० किंवा ९१६) आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो.

यवतमाळ, पुसद वा वणी, सराफ कुठलाही असो, पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. खडा सोन्याच्या भावात तोलला जाऊ नये. महागड्या खड्यासोबत प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे.