न्यायासनाचे ऋणानुबंध

कोल्हापुरास मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालें, आणि अलोऱ्याचा पक्षकार आतां मुंबईऐवजीं कुंभार्ली घाट चढून दाद मागण्यास जाऊं शकतो. न्यायमंदिर जवळ आलें हें चांगलेंच झालें. परंतु तेवढ्यानें न्यायावरील विश्वास जवळ येत नाहीं. प्रतिपक्ष सरकार असलें म्हणजे त्या पक्षकारास एकच प्रश्न पडतो : समोर बसलेल्या न्यायाधीशांचें कोणाशीं काय नातें आहे ?

लांच ही उघड चोरी. तिच्यासाठीं कायदा आहे. पण उपकाराची आठवण व मानाची आशा यांस कोणतें कलम लावावें ?

लोकमान्य टिळकांचा जन्म याच जिल्ह्यांतला. १८९७ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यांत ज्या बॅरिस्टर दावरांनीं त्यांच्या जामिनासाठीं युक्तिवाद केला, त्याच दावरांनीं १९०८ सालीं न्यायासनावरून त्यांचा जामीन नाकारला. आणि ज्युरींतील सात युरोपियनांनीं दोषी व दोघां पारशांनीं निर्दोषी म्हटल्यावर सहा वर्षें हद्दपारीची शिक्षा दिली. जुनी ओळख उपयोगी पडली नाहीं यांत वावगें कांहींच नाहीं. ती पडूंच नये. मग लोकांस संशय कां आला ? कारण न्यायाधीश नेमणारें व पदव्या वांटणारें सरकारच तेथें फिर्यादी होतें.

स्वराज्यांत हा संशय आपोआप फिटेल, असें मानणारांनीं १९५८ साल आठवावें. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगानें, न्यायाधीशांनीं निवृत्तीनंतर सरकारी नोकरी पत्करूं नये, असें सुचविलें. त्याच आयोगाचे सभासद, मुंबईचे मुख्य न्यायमूर्ति छागला, त्याच वर्षीं सरकारचे अमेरिकेंतील राजदूत झाले ! २०२० सालीं माजी सरन्यायाधीश रंजन गोगोई निवृत्तीपासून चार महिन्यांच्या आंत राज्यसभेवर नियुक्त झाले. भाजपच्या महाराष्ट्रांतील प्रवक्त्या राहिलेल्या व जानेवारी २०२४ मध्यें पक्ष सोडलेल्या आरती साठे २०२५ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ति झाल्या. यांपैकीं कोणाचे निकाल पक्षपाती आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. दोष व्यक्तीचा नसून नियमाच्या अभावाचा आहे. आणि नियम नसला म्हणजे सचोटीचा न्यायाधीशहि संशयांतून सुटत नाहीं.

राज्यघटनेच्या १२४ व्या कलमानें सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशांस वकिली करण्याची मनाई आहे; सरकारी पद घेण्याची नाहीं. हें छिद्र बुजविलें पाहिजे. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, नव्या नेमणुकांपैकीं कोण कोणत्या न्यायाधीशाचा आप्त आहे, हें प्रसिद्ध केलें. तसेच पक्षसंबंधहि प्रसिद्ध व्हावे. पक्ष सोडणें व न्यायासनावर बसणें, न्यायासन सोडणें व सरकारी पद घेणें, या दोहोंमध्यें कायद्यानें कांहीं वर्षांचें अंतर ठेवावें. आणि ज्या कामांत ऋणानुबंध असेल, तें न्यायाधीशांनीं न सांगतां सोडावें.

घाट चढून आलेला माणूस दावा हरला तरी चालेल. पण आपण ओळखीपुढें हरलों, असें म्हणत तो घाट उतरतां कामा नये.