शिडाच्या बोटीतलं घर

आपल्या साखरखेर्ड्याहून समुद्र लांब, त्यामुळे शिडाची बोट आपण बहुधा चित्रातच पाहिलेली. तिच्या पोटात चक्क घर असतं. गोव्यात दिवाडी इथे बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ सुमारे 17 मीटर लांब. 10 सप्टेंबर 2017 ते 21 मे 2018 या काळात नौदल अधिकारी वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. ही कामगिरी मला फार मोठी वाटते.

कुटुंबाच्या बोटी बहुतेक ‘तारिणी’हून लहान, 10-12 मीटरच्या. जिना उतरलं की एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा. शेगडी झुलती टांगलेली, म्हणजे बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. बैठकीतलं टेबल खाली घेतलं की रात्री त्याचाच पलंग होतो. झोपलेला माणूस गडगडू नये म्हणून कडेला जाड कापड बांधतात. संडासाला हातपंप, आणि गोडं पाणी अगदी मोजून. गॅसची टाकी मात्र वेगळ्या, बाहेर निचरा असलेल्या कप्प्यातच हवी. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि स्फोट होऊ शकतो.

जुनी बोट घेताना गाद्या-पडद्यांना भुलू नये. फळ्या उचलून तळ पाहावा: ओल, कुबट वास, तळाचं वजन धरणाऱ्या बोल्टांवरचा गंज. डोलकाठीच्या तारा तुटायला आल्या असतील तर खर्च मोठा. सौदा करण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून जाणकार सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावीच.