दरवाजा उघडतो कोण?

जुलै उलटत आला की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. राधानगरी भरले, अमुक क्रमांकाचा स्वयंचलित दरवाजा उघडला, भोगावतीत १४२८ क्युसेक विसर्ग सुरू. मग दुसरा उघडतो, तिसरा उघडतो, एखाद्या वर्षी सातही. पाठोपाठ रविवारी गाड्या दाजीपूरच्या रस्त्याला लागतात. अशाच सहलीला जाऊन आलेल्या कागलच्या एका आठवीतल्या मुलीने पत्रातून विचारले आहे : ‘दरवाजा पहाटे उघडला असं तिथले काका म्हणाले. मग पहाटे तो उघडायला कोण गेलं होतं?’

कोणीच नाही! वीज नाही, मोटर नाही, चाक फिरवणारा माणूस नाही. एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर पाणी सुटते आणि ते सोडण्याचा निर्णय पाणीच घेते. दरवाजामागच्या पाण्याचा जोर आणि दरवाजाला तोलून धरणारे अवजड वजन यांची तिथे अखंड रस्सीखेच चालू असते. तलाव काठोकाठ भरेपर्यंत वजन जिंकते, त्यानंतर पाणी. पातळी उतरली की वजन पुन्हा वरचढ होते आणि दरवाजा मिटतो. पावसाळी रात्री तारा तुटून सगळा तालुका अंधारात गेला तरी यात खंड पडत नाही. धरण बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने पांढऱ्याशुभ्र लोटांवरून नजर काढून थोडा वेळ या दरवाजांकडे बघावे, असे मला मनापासून वाटते.

या विचाराचे आपल्याकडचे मूळ पुण्याजवळ खडकवासल्याला सापडते. तिथल्या चौपाटीवर कणीस आणि कांदाभजी खाणाऱ्या गर्दीतल्या फार थोड्यांना हे ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या तलावाला इंग्रज ‘लेक फाइफ’ म्हणत. पुणे शहर, छावणी आणि कालव्यावरची शेती या सगळ्यांची तहान त्याच्यावर, आणि साठा अपुरा. पावसाळ्यात मात्र सांडव्यावरून सहा-आठ फूट जाडीचे पाणी नुसते वाहून जाई. भिंत उंचावणे हा सरळ उपाय होता, पण खर्चाचा, आणि जुन्या दगडी भिंतीवर भार वाढवणारा. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात तेव्हा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या काम करत होते. पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली बाहेर पडलेले हे अभियंते. भिंतीला हात न लावता सांडव्याच्या माथ्यावर आठ फूट पाणी अडवायचे आणि पूर आला की ते अडवणे आपोआप सुटेल अशी सोय करायची, असा मार्ग त्यांनी काढला. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले.

यातली युक्ती आर्किमिडीजची आहे. दरवाजांना तोलून धरणारे वजन एका हौदात लोंबते. एरवी हौद कोरडा. तलाव ठरलेल्या पातळीला पोचला की पाणी हौदात शिरते, वजन बुडते आणि बुडालेली वस्तू हलकी होते. किती हलकी? काँक्रीटचा ठोकळा पाण्यात शंभरातले चाळीस भार गमावतो. एवढा तोल गेला की दरवाजे स्वतःच्या वजनाने खाली सरकतात आणि वरून पाणी वाट काढते. तलाव उतरला की हौद रिकामा होतो, वजनाला त्याचा भार परत मिळतो, दरवाजे पुन्हा वर. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पलीकडचे गणित यात नाही, आणि तरीही हे कुणालातरी सुचावे लागले.

आठ फुटांनी साठा किती वाढला? सुमारे २५ टक्के. शंभर फुटांच्या आसपास उंचीच्या धरणात आठ फूट म्हणजे आठ टक्के, मग साठा चौथा हिस्सा कसा वाढतो? कारण दरी तळाशी चिंचोळी आणि वर पसरट असते. आदर्श उलटा शंकू धरला तर साठा खोलीच्या घनाप्रमाणे वाढतो. १.०८ चा घन करून पाहा : १.२६! खरी दरी काही शंकू नसते, ती वाकडीतिकडी असते, तरी हिशेब इतका जवळ येतो याचा मला दर वेळी आनंद होतो. धरण ‘९० टक्के भरले’ या बातमीचा अर्थही इथे कळतो. उरलेले दहा टक्के पाणी म्हणजे उंचीतले जेमतेम तीन-चार टक्के. म्हणून अखेरच्या टप्प्यात चांगल्या पावसाचे एक-दोन दिवस पुरतात.

विश्वेश्वरय्यांच्या नावावर या दरवाजांचे पेटंट झाले, पण आपल्याच अखत्यारीतल्या कामावर रॉयल्टी घेणे त्यांना पटले नाही. त्यांचे नाव काढले की लोकांना म्हैसूरचे कृष्णराजसागर आठवते, पंधरा सप्टेंबरच्या अभियंता दिनाला फोटोही तिथलाच लागतो. खडकवासल्याला त्या मानाने फार कमी आठवले जाते.

मात्र ‘स्वयंचलित’ या शब्दाने भारावून जाऊ नये. या दरवाजांना पातळी कळते, पाऊस कळत नाही. उद्या घाटात अतिवृष्टी होणार असल्याचा हवामान खात्याचा इशारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. धरण काठोकाठ भरल्याशिवाय ते हलत नाहीत, आणि हलतात तेव्हा खाली पंचगंगेला आधीच पूर असू शकतो. आगाऊ पाणी सोडून धरणात जागा करायची तर राधानगरीत सेवा दरवाजा आणि वीजगृह एवढीच वाट उरते, आणि तिची क्षमता मर्यादित आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूरकर हा प्रश्न पोटतिडकीने विचारतात, ते योग्यच आहे. शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास कामाला हात घातला आणि स्वातंत्र्यानंतर धरण पूर्ण झाले, तेव्हा पाणी साठवणे हीच निकड होती. पूर धरून ठेवण्याचे काम या दरवाजांवर कुणी सोपवलेच नव्हते. खडकवासल्याचा अनुभव याहून कठोर. १२ जुलै १९६१ ला वरचे पानशेत फुटले तेव्हा आलेल्या लोंढ्यापुढे ती जुनी भिंतही टिकली नाही. नंतर नव्याने उभ्या राहिलेल्या धरणाचे आजचे दरवाजे यंत्राने, माणसांच्या हुकमाने चालतात.

आता भिंतीच्या पायथ्याकडे. समजा पाणी तीस मीटर खाली येते. घर्षण सोडले तर तळाशी त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे जातो. सातही दरवाजांचे मिळून दहा हजार क्युसेक धरले तर ही ताकद ८० मेगावॉटच्या वर भरते. ती तशीच नदीत सोडली तर काही वर्षांत पायथ्याचा खडक उखडून भिंतच उघडी पडेल. म्हणून तिथे ती मुद्दाम मारली जाते. घरच्या बेसिनमध्ये नळ सोडा. धार पडते तिथे पाण्याची पातळ, गुळगुळीत चकती दिसते आणि ठरावीक अंतरावर पाणी एकदम जाड होऊन कड उभी राहते. धरणाखाली हेच प्रचंड प्रमाणावर घडते : पातळ, वेगवान पाणी अचानक उसळून खोल आणि संथ होते. अभियंते याला हायड्रॉलिक जंप म्हणतात. लिओनार्दोच्या नजरेनेही ती टिपली होती. ही उसळी नेमकी कुठे उठावी यासाठी धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून प्रयोग करतात, आणि त्या कामाची आपली राष्ट्रीय संस्था, १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, खडकवासल्यालाच आहे. शंभरपट लहान प्रतिकृतीत पाण्याचा वेग शंभरपट नव्हे, दहापटच कमी ठेवावा लागतो. हा नियम विल्यम फ्रूड यांनी जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहताना मांडला.

सहलीला जाणाऱ्यांसाठी या उसळीची एक बाजू फार गंभीर आहे. तिच्या पृष्ठभागावरचे पाणी पुढे जात नाही, उलटे भिंतीकडे फिरते. त्यात सापडलेला ओंडका तासन्‌तास तिथेच गरगरत राहतो. माणसाचेही तेच होते. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते हलके असते, तरंगवत नाही, आणि हातापायांना रेटा मिळत नाही. पट्टीचा पोहणाराही इथे हरतो. हे फक्त मोठ्या धरणाखाली घडते असे नाही. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पुरुषभर उंचीचे पाणी पडत असेल तरी खाली हाच भोवरा तयार होतो, आणि तो दिसायला अगदी साधा असतो. कोणी सापडलेच तर मागोमाग उडी घेऊ नये. काठावरून दोर, किंवा दोराला बांधलेला झाकणबंद रिकामा कॅन फेकावा. आणि राधानगरीखाली भोगावतीच्या पात्रात उतरण्याआधी हे लक्षात घ्यावे की धरण भरत आले असेल तर तिथले दरवाजे वेळ ठरवून उघडत नाहीत.