मोठं गिऱ्हाईक (भाग ९) : फक्त आम्हालाच द्या!

मार्जिन आणि रॅकच्या भाड्याचा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढे ढकलतो, कारण दिग्रसच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांना थांबायला वेळ नाही. त्यांची तुरीची छोटी डाळ मिल आहे. एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी अधिकाऱ्याला त्यांची बिनपॉलिशची डाळ पसंत पडली. भाव बरा दिलाय. पण मसुद्यात एक ओळ आहे: ही डाळ महाराष्ट्रात दुसऱ्या कोणालाही विकायची नाही. 'सही करू का?' एवढंच त्यांनी विचारलंय.

याचं उत्तर मी कापसात शोधतो. 'फक्त आम्हालाच द्या' हा व्यवहार आपल्या यवतमाळ जिल्ह्याने जवळपास तीस वर्षं अनुभवलाय. १९७१ चा कायदा झाला आणि १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. राज्यातला कापूस शासनाच्या वतीने सहकारी पणन महासंघ घेणार, शेतकऱ्याने दुसरीकडे न्यायचा नाही. केंद्रांवरच्या गाड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून होणारी भांडणं, चुकाऱ्याची लांबलेली वाट हे सगळं घराघरांत माहीत आहे. बाहेर भाव चढला की कापूस पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जायचा. बंदी होती, तपासणी नाके होते, तरी जायचा. भावाची जोड नसेल तर नुसतं बंधन माल अडवून ठेवू शकत नाही, हे या जिल्ह्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि तो एकाधिकार मोडला.

पण त्या योजनेतली एक गोष्ट आपण विसरलो, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. बंधन दोन्ही बाजूंना होतं. शेतकऱ्याने दुसऱ्याला द्यायचा नाही, तसं महासंघानेही आलेला कापूस नाकारायचा नाही. हमीभाव आधी जाहीर व्हायचा. वर्षाअखेर विक्रीतून नफा उरला तर त्याचा ७५ टक्के वाटा शेतकऱ्याला आणि २५ टक्के किंमत चढउतार निधीत, अशी वाटणी ठरलेली होती. अंमलबजावणीचे दोष कितीही काढा, घेण्याची जबाबदारी त्या व्यवहारात लिहिलेली होती.

आता दिग्रसचा मसुदा त्याच्याशेजारी ठेवा. त्यात उचल 'गरजेनुसार' आहे. म्हणजे मिलवाल्याने इतरांना नाही म्हणायचं आणि साखळीने मात्र वाटेल तेव्हा ऑर्डर द्यायची. मृगाआधी गोदाम भरलेलं असताना ऑर्डर आलीच नाही, तर हा माणूस डाळ कोणाला विकणार?

तेव्हा पहिली मागणी किमान उचलीची. समजा महिन्याला ४० क्विंटल ठरले, तर सलग दोन महिने त्याहून कमी उचल झाली की 'दुसऱ्याला नाही' हे कलम आपोआप गळून पडेल, असं लिहून घ्यावं. दुसरी मागणी 'ही डाळ' म्हणजे नेमकी कोणती, याची. मिलमधून फटका प्रतीची डाळ निघते, सव्वानंबर प्रतीची निघते, तुकडा आणि चुनीही निघते. साखळीला हवी आहे फटका. मसुद्यात नुसतं 'तूर डाळ' राहिलं तर गुरांना जाणारी चुनी सोडून बाकी सगळं अडकलं समजा. आणि दुकानं आहेत ती विदर्भातल्या चार शहरांत, तर बंधन अख्ख्या महाराष्ट्राचं कशाला?

खरेदी अधिकाऱ्याची अडचणही समजून घ्यायला हवी. त्याच्या रॅकवरचं पाकीट शेजारच्या किराणा दुकानात चार रुपयांनी स्वस्त दिसू नये, एवढीच त्याची धास्ती असते. ती दूर करायला वेगळं पाकीट, वेगळं वजन, वेगळं नाव पुरतं. ते पाकीट फक्त तुमचं, डाळ माझी, असं सांगितलं की बोलणं पुढे सरकतं. माझा अनुभव असा की हे लोक भावावर लवकर हलत नाहीत, पण मुदत आणि मुलूख यांवर बरेच हलतात. म्हणून भाव शेवटी काढावा.

कायद्याचं थोडक्यात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ व्यापाराला आडकाठी घालणारा करार रद्द ठरवतं. पण कराराच्या मुदतीपुरतं असं बंधन चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोकाकोला खटल्यात मान्य केलं. म्हणून मुदत संपल्यावरही बंधन राहील असं लिहिलेलं असेल तर वकिलाला दाखवून ते काढून घ्या. परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारांना 'फक्त आमच्याकडेच विका' अशी सक्ती करायला १ फेब्रुवारी २०१९ पासून मनाई आहे. दुकानसाखळीला तो नियम लागत नाही.

चुकाऱ्याचं मात्र पक्कं आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलं तरी, ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. लांबले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.

तर आहे त्या मसुद्यावर सही नको. उचल, प्रत, शहरं आणि सहा महिन्यांची मुदत लिहून तो परत पाठवावा, सोबत नव्या पाकिटाचा नमुनाही द्यावा. उद्यम नोंदणी झाली नसेल तर ती आधी. मार्जिनचा हिशेब पुढच्या रविवारी.