सॅकमध्ये मावणारी गरीची काठी

लेखमाला : पाठीवरचं बिऱ्हाड – भाग ९

गेल्या भागात स्टोव्ह आणि इंधनाच्या वजनाचा हिशेब पाहिला. या वेळचं सामान हौसेचं आहे. पण सॅकमध्ये जागा हौसेलाही लागते, आणि मासे गरवायची काठी चुकीची घेतली तर ती पूर्ण वाटभर छळते: बाहेर बांधली तर झुडपात अडकते, आत घातली तर मावत नाही, आणि तळ्याकाठी पोचेपर्यंत शेंडा मोडलेला असतो.

सोनमर्गहून चढून नारानागला उतरणारा काश्मीर ग्रेट लेक्सचा ट्रेक आता पुण्या-मुंबईच्या गटांच्या नेहमीच्या यादीत आहे. विशनसर, किशनसर, गंगाबल या तळ्यांत ब्राऊन ट्राऊट आहे. हा मासा मूळचा तिथला नाही. १८९९ साली विलायतेतून काश्मीरसाठी निघालेली अंडी वाटेतच वाया गेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली जगली, हारवनला वाढवली गेली, आणि तिथून ट्राऊट काश्मीरभर पसरला. १९०९च्या सुमारास तो कुल्लूतही पोचला. तिथल्या तीर्थन नदीतले आजचे ट्राऊट ही त्याच खटपटीची पुढची पिढी. म्हणजे हिमालयात ट्रेकला जाणाऱ्याला गरवायची खरीखुरी संधी असते. प्रश्न फक्त दोन-अडीच मीटरची काठी पाठीवर कशी न्यायची, एवढाच.

उत्तर सोपं वाटतं: तिचे तुकडे करायचे. किती करायचे, इथे मात्र बहुतेक जण चुकतात. दुकानात किंवा ऑनलाइन यादीत सगळ्यात लहान घडी दिसली की तीच घ्यावीशी वाटते. माझं म्हणणं याच्या उलट आहे. आधी आपली सॅक आतून मोजा, आणि तिच्यात उभी मावेल अशा काठ्यांतली सगळ्यात कमी तुकड्यांची घ्या. सॅकमध्ये वीत-दीड वीत जागा मोकळी राहील इतकी बारीक घडी ट्रेकरच्या काही उपयोगाची नाही, आणि तिची किंमत काठीच्या वागण्यात मोजावी लागते.

आकडे मांडून बघा. स्पिनिंगची ७ फुटी काठी म्हणजे साधारण २१३ सेंटिमीटर. चार तुकडे केले तर सांध्याची लांबी धरून एकेक तुकडा ५७ सेंटिमीटरच्या आसपास येतो. ५०-६० लिटरच्या सॅकमध्ये पाठीच्या पट्टीला लागून तो उभा मावतो. पाच तुकडे केले तर ४७ सेंटिमीटर. ती चाळीस लिटरच्या सॅकमध्येही जाते. सात तुकड्यांची ३४-३५ सेंटिमीटरवर येते, पण तेवढी आखूड काठी लागते कुणाला? ऑफिसच्या बॅगेत घालून नेणाऱ्याला. ट्रेकरला नाही. फ्लाय फिशिंगची ९ फुटी काठी चार तुकड्यांत ७३ सेंटिमीटरची होते, काठी ठेवायच्या नळीसकट ८०च्या घरात जाते, आणि ती सॅकच्या बाहेरच बांधावी लागते. तिथे मात्र सहा-सात तुकड्यांचा विचार करण्यात अर्थ आहे.

तुकडे वाढले की बिघडतं काय, हे समजायला सांधा नीट बघायला हवा. काठी ही पोकळ, वर निमुळती होत जाणारी नळी. ओढ लागली की तिने शेंड्यापासून मुठीकडे एकसलग वाकत यायला हवं. सांध्याच्या जागी एका नळीत दुसरी शिरते, भिंत दुहेरी होते, आणि तेवढी जागा ताठ राहते. मुठीजवळ नळी जाड असते, तिथे फारसं वाकणं नसतंच, त्यामुळे तिथला सांधा जाणवत नाही. शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्शात मात्र सगळा नाजूकपणा असतो. चार तुकड्यांच्या काठीत त्या भागात एकच सांधा येतो, सात तुकड्यांच्या काठीत दोन. तीन ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे नकली आमिष, फेकताना आणि माशाने नुसतं हुंगून सोडलेलं आमिष हाताला कळताना हा फरक पडतो. शिवाय प्रत्येक सांधा म्हणजे सैल होऊ शकेल अशी आणखी एक जागा.

पूर्वी हा त्रास याहून मोठा होता. चिरलेल्या बांबूच्या काठ्यांना जर्मन सिल्व्हरचे सांधे असत. धातू जड, आणि तो वाकतच नाही. म्हणून दोन-तीन तुकड्यांपलीकडे सहसा कुणी जात नसे. फायबरग्लासच्या नळीत फायबरग्लासचीच नळी बसवायची रीत आल्यावर सांधा हलका झाला आणि काठीबरोबर थोडा वाकूही लागला. १९७३ साली फेनविक कंपनीने ग्रॅफाइटची काठी बाजारात आणली आणि वजन आणखी उतरलं. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत हॅरी विल्सन यांनी स्कॉट कंपनी सुरू केली. सिएरा नेवाडाच्या उंच तळ्यांकडे सॅक पाठीवर घेऊन जाणाऱ्यांना पुरतील अशा जास्त तुकड्यांच्या काठ्या हे तिचं सुरुवातीपासूनचं काम. आज आपल्याला जी चार-पाच तुकड्यांची चांगली काठी मिळते, तिच्यामागे ही सगळी वाट आहे.

सांधे आज मुख्यतः दोन प्रकारचे दिसतात. एकात वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्यावर चढतं. दुसऱ्यात खालच्या तुकड्यात एक भरीव खुंटी चिकटवलेली असते आणि वरचा तुकडा तिच्यावर बसतो. खुंटीच्या सांध्यात जोडणी पूर्ण झाल्यावरही दोन तुकड्यांमध्ये काही मिलिमीटरची फट उरते. ती दोष नाही. खुंटी वर्षानुवर्षं झिजते तसतसा वरचा तुकडा खाली सरकत जातो, त्यासाठी ती जागा मुद्दाम सोडलेली असते. नवखा माणूस ही फट मिटवायला जोर लावतो आणि नळी उभी चिरते. उलट जुन्या काठीत फट पुरती मिटलेली दिसली, तर सांधा झिजून गेला असं समजा आणि ती काठी घेऊ नका.

घेताना दुकानातच जोडून बघा. तुकडे शेंड्याकडून मुठीकडे जोडत या. दोरी ओवायच्या कड्या एका रेषेत येण्याआधी थोड्या तिरप्या ठेवून तुकडा आत दाबा आणि मग हलकेच फिरवून रेषेत आणा. हे करताना हात नळीवर हवा, कडीवर नको, कडी उपटते. जोडल्यावर मूठ धरून काठी हलवा. ‘टक्’ असा बारीक आवाज आला तर कुठला तरी सांधा ढिला आहे. मग दोरी ओवून दुसऱ्याला तिचं टोक धरायला सांगा आणि काठी सावकाश वाकवा. बाजूने बघितलं की कमान एकसारखी दिसायला हवी. मध्येच सपाट पट्टा किंवा कोपरा दिसला तर दुसरी काठी मागा. या परीक्षेला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि दुकानदार ती करू देत नसेल तर दुकान बदललेलं बरं.

रेडिओच्या एरियलसारखी एकात एक सरकणारी टेलिस्कोपिक काठी स्वस्त असते आणि घडीही छोटी होते, म्हणून पहिली काठी बहुतेकांची तीच असते. तिच्यावर माझा राग नाही, पण डोंगरात मी ती सुचवणार नाही. प्रत्येक नळी आधीच्या नळीत पूर्ण शिरायची असल्यामुळे कड्या फक्त नळ्यांच्या टोकांशीच पक्क्या बसवता येतात. त्या जिथे असायला हव्यात तिथे नसतात. वाळूचे दोन कण आत गेले की नळी धड उघडत नाही आणि धड मिटत नाही.

एक सरकती काठी मात्र याला सणसणीत अपवाद आहे: जपानची टेंकारा. डोंगरी ओढ्यांत मासे धरणाऱ्यांची ही जुनी पद्धत. रीळ नाही, कड्या नाहीत. शेंड्यालाच दोरी बांधायची आणि तिच्या टोकाला पिसं-धाग्याची माशी. उघडल्यावर साडेतीन-चार मीटर, मिटल्यावर साधारण अर्धा मीटर, आणि वजन बहुधा शंभर ग्रॅमच्या आत. कड्याच नसल्याने टेलिस्कोपिकची सगळ्यात मोठी अडचण मुळातच उरत नाही. २००९ साली डॅनियल गालार्डो यांनी अमेरिकेत टेंकारा यूएसए सुरू केल्यावर ती जपानबाहेरच्या भटक्यांच्या हातात पोचली. तीर्थनच्या वरच्या अंगाला दगडधोंड्यांतून खळाळणाऱ्या, आठ-दहा पावलं रुंद पाण्यासाठी याहून नेटकं साधन मला माहीत नाही. पण तिचा पल्ला काठी अधिक दोरी एवढाच. विशनसरसारख्या मोठ्या तळ्यावर, दुपारचा वारा सुटलेला असताना, मासा तीस मीटर आत असेल तर टेंकारावाला काठावर उभा राहून बघतच राहील. तिथे ७ फुटी स्पिनिंगची काठी आणि पाच-सहा ग्रॅमचा स्पून हवा. काठीवर मुठीच्या वर छापलेली ल्यूरची (नकली आमिषाची) वजनमर्यादा वाचा. २ ते ८ ग्रॅम असं काहीतरी लिहिलेलं हवं. ४० ग्रॅमवाली समुद्राची काठी ‘मजबूत आहे’ म्हणून नेऊ नका, हलका ल्यूर तिच्याने फेकलाच जाणार नाही.

ग्रॅफाइट की फायबरग्लास? ग्रॅफाइट हलकं आणि चपळ, पण त्यावर दगडाचा एक ठोका बसला की दिसणारही नाही अशी चीर पडते आणि पुढच्या माशाला काठी तुटते. ग्लास जड आणि सुस्त, पण मार खाते. घोड्यावर किंवा पोर्टरकडे सामान देणार असाल तर मी ग्लास किंवा दोन्हींचं मिश्रण घ्या म्हणेन. ग्रॅफाइटमधून वीज वाहते हे कधीही विसरू नका. उंच तळ्यांवर दुपारी ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून तिच्यापासून दूर व्हायचं. विजेच्या तारांखालीही ती उभी धरायची नाही.

काठी ठेवायच्या नळीसाठी हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप आणि दोन टोप्या पुरतात, फक्त तो पातळ भिंतीचा घ्या, नाहीतर काठीपेक्षा डबाच जड व्हायचा. तुकडे कापडी खोळीत वेगवेगळे ठेवून मग आत घाला. सांध्याच्या नर टोकावर साध्या मेणबत्तीचं मेण घासलं की तो घट्ट बसतो आणि अडकत नाही. तरीही गरवताना अधूनमधून सगळे सांधे चाचपून बघा. फेकून फेकून ते सुटतात. सांधा अडकलाच तर दोघांनी मिळून ओढायचा, दोघांचाही एकेक हात सांध्याच्या दोन्ही बाजूंना, आणि ओढायचं सरळ. विमानात गळ आणि चाकू चेक-इन सामानातच द्या.

महासीरसाठी मात्र यातली कुठलीही हलकी काठी नेऊ नका. सोनेरी महासीर धोक्यात आलेला मासा आहे. नाजूक काठीवर तो खेळवत बसलं की लढत लांबते, मासा थकून जातो आणि पाण्यात परत सोडला तरी जगेलच असं नाही. आपल्याकडे महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे म्हणून राखलेले महासीर आहेत; तिथे गरी टाकायचा प्रश्नच येत नाही. अभयारण्यातल्या पाण्यालाही हेच लागू. ट्राऊटसाठी काश्मीर आणि हिमाचल दोन्हीकडे मत्स्य विभागाचा परवाना लागतो. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, माशांच्या विणीच्या काळात, ट्राऊटवर बंदी असते. काठी विकत घेण्याआधीच परवान्यावरच्या अटी वाचा: ज्या पट्ट्यात फक्त फ्लायला परवानगी असेल, तिथे स्पिनिंगची काठी नेण्यात काहीच अर्थ नाही.

पुढच्या भागात या काठीला लागणारं रीळ आणि दोरी.