आरोग्य संशोधनाचा पाया : नेमका प्रश्न, निश्चित उद्दिष्टे आणि पारखता येणारी परिकल्पना

एखादे औषध गुणकारी आहे काय, एखादी आरोग्य योजना जीव वाचवते काय, याचे उत्तर देणाऱ्या संशोधनाची सुरुवात पहिला रुग्ण तपासण्याच्या आधीच होत असते. काय शोधायचे, कशासाठी शोधायचे आणि कोणते उत्तर अपेक्षित आहे, हे संशोधकाला आधी लिहून काढावे लागते. संशोधनाचा प्रश्न, उद्देश व उद्दिष्टे आणि परिकल्पना ही ती तीन अंगे होत. ती सैल राहिली, तर पुढे कितीही माहिती गोळा केली तरी तिच्यातून विश्वासार्ह निष्कर्ष निघत नाही. भारतात झालेल्या काही अभ्यासांवरून हे स्पष्ट होते.

चिंतेपासून प्रश्नापर्यंत

‘क्षयरोग्यांचे काय करावे?’ ही चिंता झाली. तो संशोधनाचा प्रश्न नव्हे. १९५० च्या दशकात क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवणे, पूर्ण विश्रांती आणि सकस आहार देणे आवश्यक मानले जाई. मात्र भारतात रुग्णांची संख्या प्रचंड आणि खाटा मोजक्या होत्या. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. तेथील संशोधकांनी या चिंतेला नेमके रूप दिले : मद्रास शहरातील गरीब कुटुंबांतल्या फुप्फुसाच्या क्षयरुग्णांना एक वर्ष घरीच औषधे दिली, तर आरोग्यधामात तीच औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत ते कितपत बरे होतात?

या एका वाक्यात चार गोष्टी आहेत. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि मोजायचे काय. शिवाय किती काळ, तेही ठरलेले आहे. याला जोडूनच दुसरा प्रश्न विचारण्यात आला : रुग्ण घरी राहिल्याने कुटुंबीयांना अधिक लागण होते काय? रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, यादृच्छिक पद्धतीने करण्यात आली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील परिणाम जवळपास सारखे होते. कुटुंबीयांना असलेला धोकाही घरच्या उपचारांमुळे वाढलेला आढळला नाही. दुसरा प्रश्न विचारलाच नसता, तर घरगुती उपचारांवरचा मोठा आक्षेप तसाच राहिला असता.

उद्देश आणि उद्दिष्टे

प्रश्न ठरल्यावर उद्देश ठरतो. उद्देश व्यापक असतो. उद्दिष्टे म्हणजे तो गाठण्याच्या मोजता येणाऱ्या पायऱ्या. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या नवजात बालकांच्या अभ्यासात हा भेद दिसतो. रुग्णालय दूर आणि खर्चिक असल्याने ज्या बालकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, त्यांचे मृत्यू कमी करणे हा उद्देश होता. प्रशिक्षित ग्राम आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन बालकांची काळजी घेणे, जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचार करणे, प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवून मृत्युदर काढणे आणि खर्च मोजणे, ही कामे उद्दिष्टांच्या पातळीवरची होती. ‘सुधारणा करणे’, ‘जागृती करणे’ अशी क्रियापदे उद्दिष्टात टाळावीत, कारण त्यांची पूर्तता झाली की नाही हे कोणीही ठरवू शकत नाही.

परिकल्पना म्हणजे काय?

गृहीतक आणि परिकल्पना यांत अनेकदा गल्लत होते. गृहीतक आपण मान्य करून चालतो. परिकल्पना मात्र तपासासाठी मांडलेली असते आणि ती खोटी ठरण्याची शक्यता खुली असावी लागते. गडचिरोलीच्या अभ्यासाची परिकल्पना अशी होती : जंतुसंसर्गावरील उपचारांसह घरच्या घरी काळजी घेतल्यास नवजात मृत्युदर तीन वर्षांत किमान २५ टक्क्यांनी घटेल. त्यात आकडा आहे आणि मुदतही आहे. घट १० टक्केच झाली असती, तर परिकल्पना सिद्ध झाली असे म्हणता आले नसते.

संख्याशास्त्रीय चाचणीत याच्या उलट विधानापासून आरंभ होतो. ‘दोन गटांत काहीही फरक नाही’ या विधानाला शून्य परिकल्पना म्हणतात. हाती आलेला पुरावा त्या विधानाशी विसंगत असेल, तरच ते नाकारले जाते.

या अभ्यासात ३९ गावांत ही सेवा देण्यात आली आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे आधीची स्थिती नोंदवण्यात आली. तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्युदर अनुक्रमे ६२ आणि ५८ होता. म्हणजे दोन्ही क्षेत्रे साधारण सारखीच होती. सेवेच्या तिसऱ्या वर्षी सेवा मिळालेल्या गावांत हा दर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांतील बदल लक्षात घेता निव्वळ घट ६२.२ टक्के होती. १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मात्र ही गावे यादृच्छिक पद्धतीने निवडलेली नव्हती. म्हणून असाच उपाय अन्यत्र लागू पडतो काय, हा पुढचा प्रश्न उरलाच. बांगलादेशातील सिल्हेट येथे यादृच्छिक विभागणी करून झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरपोच सेवेमुळे नवजात मृत्युदरात सुमारे ३४ टक्के घट दिसली. भारतात २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला जात आहे.

प्रत्येक अभ्यासाला परिकल्पना लागतेच असे नाही. एखाद्या आजाराचे प्रमाण किती, एवढेच जाणून घ्यायचे असेल तर वर्णनात्मक प्रश्न पुरेसा असतो. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीतीलच एका अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार असल्याचे आढळले. पूर्वी तपासणी व उपचार मिळालेल्या केवळ ८ टक्के होत्या. परिकल्पनेवाचूनही या आकड्यांनी एक दुर्लक्षित दुःख उजेडात आणले.

आधी लिहिणे का आवश्यक?

निकाल हाती आल्यानंतर परिकल्पना रचण्याचा मोह मोठा असतो. वीस निरनिराळ्या गोष्टी मोजल्या, तर एखाद्या गोष्टीत निव्वळ योगायोगानेही फरक दिसू शकतो. तोच मूळ प्रश्न होता असे भासवले, तर निरुपयोगी उपचारही गुणकारी ठरतो आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. यासाठीच २००७ साली भारतीय वैद्यक चाचणी नोंदवही सुरू झाली. औषधांच्या चाचण्यांसाठी १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. मुख्य परिणाम कोणता मोजणार, हे पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी त्यात जाहीर करावे लागते.

चाचणीत सहभागी होणारा रुग्ण आपला वेळ देतो आणि काही प्रमाणात धोकाही पत्करतो. त्यामुळे नव्या संशोधकाने आपला प्रश्न एका वाक्यात लिहून पाहावा आणि कोणता निकाल आला तर आपले म्हणणे चुकीचे ठरेल, हेही त्याखाली नमूद करावे. ते लिहिता येत नसेल, तर माहिती गोळा करण्याची वेळ अजून आलेली नाही.