पालखीतल्या मुलाचे अक्कलकोट

करकंबचा माणूस अक्कलकोटास जातो तो बहुधा स्वामी समर्थांच्या दर्शनाला. पंढरपूर, मोहोळ, सोलापूर अशा मजला मारीत तो वटवृक्षाच्या मंदिरात पोचतो, मस्तक टेकवतो, अन्नछत्रात प्रसाद घेतो आणि सायंकाळच्या गाडीने माघारी वळतो; ज्या गावात आपण दिवस काढला ते दोन शतकांहून अधिक काळ एका राजघराण्याची राजधानी होते, हे त्याच्या गावीही नसते. मीही पुष्कळ वर्षे असाच गेलो आणि असाच आलो. एकदा गर्दी फार म्हणून पाय राजवाड्याकडे वळले, आणि त्या घराण्याच्या प्रारंभाची कथा मनात जी रुतून बसली ती बसलीच.

ती कथा अक्कलकोटात सुरूच होत नाही. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरास मृत्यू पावल्यावर, बालपणापासून मोगलांच्या छावणीत नजरकैदेत वाढलेले शाहूराजे सुटून दक्षिणेकडे निघाले; वाटेत पारद या गावी तिथल्या लोखंडे पाटलाने त्यांस अडविले, झटापट झाली, पाटील पडला, आणि विजयाच्या आवेशात असलेल्या फौजेपुढे आपल्या गावाचे काय होणार हे ओळखून त्याच्या विधवेने आपले लहान मूल उचलले आणि सरळ राजाच्या पालखीत नेऊन ठेवले. शत्रूचे मूल पदरात घेण्यावाचून राजासही दुसरी शोभेलशी गोष्ट उरली नाही. स्वदेशी परतताना मिळालेल्या या पहिल्या फत्तेची खूण म्हणून त्या मुलाचे, राणोजीचे, नाव फत्तेसिंह ठेवले गेले, लोखंड्यांचा तो भोसला झाला, आणि शाहूंच्या खाजगीतील वीरूबाईंनी त्यास पोटच्या मुलासारखे वाढविले. १७४० साली त्या निवर्तल्या तेव्हा त्यांची क्रिया त्यानेच केली. त्या पाटलिणीचे पुढे काय झाले, हे विचारण्याची गरज बखरकारांना वाटलेली दिसत नाही. पण वैधव्य आलेल्या क्षणी जिने एवढा धूर्त आणि एवढा करुण डाव टाकला, तिलाच मी या संस्थानाची खरी संस्थापक मानतो.

अक्कलकोटची जहागीर या फत्तेसिंहांच्या नावे झाली. ते केवळ लाडात वाढलेले राजपुत्र राहिले नाहीत. १७४० च्या कर्नाटक स्वारीत रघूजी भोसल्यांबरोबर सेनापतित्व त्यांच्याकडे होते; दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली त्या स्वारीत मारला गेला आणि पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद करण्यात आले. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहूमहाराज निवर्तले. औरस पुत्र नव्हता. साताऱ्याच्या गादीवर मात्र फत्तेसिंहांऐवजी रामराजे आले, आणि मानलेल्या पुत्राने अक्कलकोटावर संतोष मानला. १७६० मध्ये त्यांचा देहान्त झाला.

पेशवाई बुडाल्यावर संस्थान साताऱ्याच्या निसबतीस गेले, आणि १८४८ नंतर सातारा खालसा झाल्यावर थेट इंग्रजांच्या. क्षेत्र ४९८ चौरस मैल. १९०१ च्या खानेसुमारीत वस्ती ८२,०४७. यात एक गमतीचा तुकडा म्हणजे माळशिरस तालुक्यातील पिलीव: मुख्य मुलखापासून तुटून पडलेला हा भाग आम्हा करकंबकरांना अक्कलकोटापेक्षा कितीतरी जवळचा, म्हणजे राजा पूर्वेच्या टोकास आणि त्याची रयत आमच्या शेजारास. पूर्वी सरकारास घोडेस्वारांची तैनात द्यावी लागे. १८६८ मध्ये ती मोडून वर्षाला १४,५९२ रुपये घेण्याचा ठराव झाला.

युरोपातही असले लहान राजे होते, आणि तिकडच्या इतिहासात त्यांना आपल्या संस्थानिकांइतकेच हसण्यावारी नेले जाते. जर्मनीतले वाल्डेक घ्या. त्याचा विस्तार अक्कलकोटाहून थोडा लहान आणि वस्ती साठ हजारांच्या आत. खर्च झेपेना म्हणून तिथल्या गेओर्ग व्हिक्टर राजाने १८६८ पासून कारभार प्रशियाच्या हाती दिला. आणि इकडे दोनच वर्षे आधी, १८६६ मध्ये, अव्यवस्थेचा ठपका ठेवून इंग्रजांनी दुसऱ्या मालोजीराजांच्या हातून कारभार काढून घेतला होता! फरक आहे तो घराणे तारण्याच्या रीतीत. वाल्डेकच्या राजाने आपल्या मुली थोरामोठ्यांच्या घरी दिल्या: एमा १८७९ मध्ये हॉलंडची राणी झाली, मारी व्यूर्टेंबेर्गच्या भावी राजास दिली गेली, आणि हेलेना १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणीची धाकटी सून झाली. अक्कलकोटकरांचा मार्ग दत्तकाचा. १८९६ साली तिसरे शहाजीराजे निवर्तल्यावर तिसरे फत्तेसिंह दत्तक म्हणूनच आले, आणि ज्या घराण्याचा मूळपुरुषच परक्याच्या पालखीतून आला त्याला दत्तकाचा संकोच वाटण्याचे कारण नव्हते.

मालोजीराजांचे नाव मात्र राज्यकारभाराने राहिले नाही. १८५६-५७ च्या सुमारास स्वामी समर्थ अक्कलकोटास आले आणि चोळप्पा नावाच्या भक्ताच्या घरी राहिले. राजा त्यांच्या भक्तांत होता. १८७० मध्ये राजा गेला, १८७८ मध्ये स्वामींनी समाधी घेतली. आज गावाचे नाव दूरदूर जाते ते स्वामींमुळे, आणि राजाची आठवण निघते तीही स्वामींच्या चरित्रातील एक भक्त म्हणून. नव्या राजवाड्यातले शस्त्रागार मात्र अवश्य पाहावे: तलवारी, कट्यारी, भाले, बंदुका अशा ओळीने मांडलेल्या आहेत की पाहणाऱ्याला कर्नाटकाच्या वाटेवरची ती फौज आठवावी.

शेवटचे राजे विजयसिंह १९२३ मध्ये बालवयात गादीवर आले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वाल्डेकचा राजा १९१८ मध्येच पदच्युत झाला होता, म्हणजे अक्कलकोटची गादी त्याच्याहून तीस वर्षे अधिक टिकली. विलीनीकरणानंतर अक्कलकोट तालुक्याचे ठाणे झाले, आणि तिथले पीकपाण्याचे कागद व आमचे करकंबचे कागद सोलापूरच्या एकाच कलेक्टर कचेरीत जाऊ लागले.